टार फाईल एकाच डिस्कची, तीन मशीनवर तीन हिशेब. सर्व्हरवर ३६ फायली कमी

कोशवाली:

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे एकाच जागी अडकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लांबलं तर समजून घ्या.

मी अकरा वर्षं बोलीतले शब्द गोळा करते. शब्दाचा उच्चार बोलणाऱ्याच्याच तोंडून मुद्रित करायचा आणि सोबत एक छोटं टिपण ठेवायचं, अशी पद्धत. आज ६,२१४ फायली आहेत, मिळून ३८ जीबीच्या आसपास. सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. ती मॅकला जोडते आणि तिचा फॉरमॅट एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाईल सिस्टीम) आहे. फोल्डर आणि फायलींची नावं पहिल्या दिवसापासून मराठीतच ठेवली आहेत.

आता या संग्रहाच्या दोन प्रती करायच्या आहेत. एक घरच्या लिनक्स मशीनवर. दुसरी एका संस्थेच्या सर्व्हरवर, तो जुना व्यावसायिक युनिक्स आहे. तिथे त्या मशीनसोबत आलेला टार (अनेक फायली एकाच फाईलमध्ये बांधणारा कार्यक्रम) तेवढा मिळतो, नवीन काही बसवायची परवानगी नाही.

पहिला प्रयत्न मॅकच्या स्वतःच्या टारने केला. लिनक्सवर उघडताना इशाऱ्यांची रांग लागली: अनोळखी एक्स्टेंडेड हेडर कीवर्डकडे दुर्लक्ष करतो आहे, आणि पुढे 'लिबआर्काइव्ह' पासून सुरू होणारं लांबलचक नाव. उघडून झाल्यावर मोजलं तर ९,८०० च्या वर फायली! बऱ्याच मुद्रणांशेजारी त्याच नावाची, पण सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेली एक चिमुकली फाईल. तीच टार फाईल संस्थेच्या सर्व्हरवर उघडली, तर तिथे 'पॅक्सहेडर' नावाचे फोल्डर उगवले. आतल्या फायली मुद्रणं नव्हेत, एकदोन ओळींचा मजकूर होता. एका ओळीच्या सुरुवातीला एक आकडा, मग 'पाथ', मग बरोबरचं चिन्ह आणि माझ्याच फाईलचं नाव.

दुसऱ्या प्रयत्नात मॅकवर जीएनयू टार (लिनक्सवर असतो तो) बसवला आणि त्याने नवी फाईल केली. लिनक्सवरचे इशारे थांबले, टिंबवाल्या फायली गेल्या. मोजल्यावर ६,२११ आल्या. तीनचा फरक म्हणजे माझी मोजण्यातली चूक असेल असं धरून चालले. पण माझी अनुक्रमणिकेची स्क्रिप्ट चालवली, तर ४१२ फायली 'सापडत नाहीत' म्हणाली. आणि त्या डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये दिसतात! नाव अक्षर न अक्षर तेच.

सर्व्हरवर मात्र या दुसऱ्या टार फाईलने माझी झोप उडवली. तिथे ६,१७८ फायली उतरल्या, म्हणजे ३६ कमी. कितीतरी नावं मध्येच कापलेली, शेवटी एक फुटका चौकोन. वर 'अॅट लाँगलिंक' नावाची एक फाईल, जी मी कधी केलेलीच नाही. टारने एकही चूक दाखवली नाही, गुपचूप काम संपवलं. मूळ डिस्क हातात आहे म्हणून मोजून कळलं. ती नसती तर ३६ आवाज गेल्याचं मला कधी कळलंच नसतं. त्यातले काही बोलणारे आज हयात नाहीत.

तर टार फाईल ही टार फाईल नसते का? चूक कुठे झाली आणि आता काय करू?


अर्धविराम:

सरळ झिप करा ना. सगळीकडे उघडतं.


जुना_टर्मिनल:

झिपचं नंतर बोलू. ताई, तुमच्याकडे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांना एक औषध नाही. आधी सर्व्हरचं घेतो, कारण खरं नुकसान तिथे आहे.

टार हे एका कार्यक्रमाचं नाव आहे, आणि त्याच नावाखाली तीन-चार फॉरमॅट फिरतात. मूळ टार १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधला. त्यात प्रत्येक फाईलच्या आधी ५१२ बाइटचं हेडर (फाईलच्या माहितीचा मथळा) असतं आणि त्यात नावासाठी १०० बाइटची जागा. पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरांसकट नाव, तेवढ्यातच बसवायचा. पुढे १९८८ च्या पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या मानकात युस्टार हा फॉरमॅट आला. त्याने हेडरच्या शेवटी मोकळ्या पडलेल्या जागेत १५५ बाइटचा 'प्रिफिक्स' दिला, म्हणजे पाथ एखाद्या तिरक्या रेघेपाशी तोडून दोन तुकड्यांत ठेवता येतो. जीएनयू टारने मात्र या मानकाच्या सुरुवातीच्या मसुद्यावरून स्वतःची वाट धरली होती. नाव १०० बाइटच्या पुढे गेलं की तो आधी एक खोटी नोंद लिहितो. तिचा प्रकार 'एल', तिचं नाव 'अॅट लाँगलिंक', आणि तिच्या पोटात तुमचं खरं लांब नाव. त्यामागून खरी फाईल येते, पण तिच्या हेडरमध्ये नावाचे पहिले १०० बाइटच असतात.

ज्या टारला 'एल' प्रकार माहीत आहे तो दोन्ही जोडून घेतो. तुमच्या सर्व्हरच्या टारला तो माहीत नाही. अनोळखी प्रकार दिसला की साधी फाईल समजून उतरवायची, हा जुना रिवाज. म्हणून त्याने 'अॅट लाँगलिंक' ही खरीखुरी फाईल समजून डिस्कवर ठेवली. पुढच्या लांब नावाला पुन्हा तीच, जुनीवर नवी. शेवटी एकच उरली. ती उघडून बघा, तुमच्या टार फाईलमधलं सगळ्यात शेवटचं लांब नाव आत सापडेल.

आणि म्हणूनच तुमच्या ३६ फायली गेलेल्या नाहीत. ३७ गेल्या आहेत. उतरलेल्या ६,१७८ मध्ये ही एक आगंतुक धरली गेली आहे.

आता त्या गेल्या कशा? तुमच्या सर्व्हरवर कापलेलं एखादं नाव आणि मॅकवरचं पूर्ण नाव, असं एकेक इथे द्या. मला एक शंका आहे.


कोशवाली:

लाँगलिंक उघडून पाहिली. खरंच, फोल्डरांच्या क्रमातलं शेवटचं लांब नाव आत आहे! आणि ३७ हेही बरोबर, यादी यादीशी लावून पाहिली.

मॅकवरचं नाव: ध्वनिमुद्रणे/स्वयंपाकघर/दुसऱ्या_भेटीतील_उच्चार_१. याच्यासोबत _२ आणि _३ सुद्धा आहेत.

सर्व्हरवर त्या जागी एकच: ध्वनिमुद्रणे/स्वयंपाकघर/दुसऱ्या_भे आणि पुढे फुटका चौकोन. ऐकली, तर ती तिसरी आहे.


जुना_टर्मिनल:

हीच शंका होती. मोजून दाखवतो.

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची आजची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. चिन्ह म्हणजे जोडाक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजायचे. 'ध्वनिमुद्रणे' ही १२ चिन्हं, ३६ बाइट. तिरकी रेघ १. 'स्वयंपाकघर' १० चिन्हं, ३० बाइट. पुन्हा रेघ १. फाईलच्या नावाला सुरुवात होण्याआधीच ६८ बाइट संपले. उरले ३२. त्यात 'दुसऱ्या', अधोरेषा, 'भे' आणि पुढच्या 'ट'चा एक बाइट एवढंच मावलं. तो अर्धवट बाइट म्हणजे तुमचा फुटका चौकोन.

एक, दोन, तीन हा फरक नावाच्या शेवटी आहे, शंभराच्या पलीकडे. सर्व्हरच्या दृष्टीने तिन्ही फायलींचं नाव एकच. पहिली उतरली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. चूक दाखवायचं कारणच नाही, कारण आधीची फाईल पुसून नवी लिहिणं हे टारचं नेहमीचं काम आहे. ३७ ची यादी बघा, सगळ्या अशा जोड्या आणि तिकड्या निघतील. रोमन अक्षरांत नावं ठेवणाऱ्याला शंभर बाइट म्हणजे शंभर अक्षरं मिळतात. आपल्याला तेहतीस चिन्हं मिळतात, आणि त्यात काना-मात्रा धरून.

ही टार फाईल कुठल्या जातीची, ते उघडायच्या आधी ओळखता येतं. 'फाईल' ही आज्ञा जीएनयूच्या टारपुढे कंसात जीएनयू असं लिहिते. तिच्यावर विसंबायचं नसेल तर २५७ व्या बाइटपासून पुढचे आठ बाइट बघा. 'युस्टार', मग शून्य बाइट आणि दोन शून्य अंक असले तर पॉझिक्सच्या वाटेचा. 'युस्टार' नंतर दोन मोकळ्या जागा आणि शून्य बाइट असला तर जीएनयूचा. काहीच नसलं तर सातव्या आवृत्तीचा जुना. मी कुठलीही परकी टार फाईल आली की आधी हेच बघतो.

उपाय: टार करताना फॉरमॅट स्वतः सांगा. जीएनयू टारला 'फॉरमॅट' या पर्यायापुढे 'युस्टार' द्या. तुमचा वरचा पाथ त्यात अगदी आरामात बसतो, कारण 'ध्वनिमुद्रणे/स्वयंपाकघर' हा भाग प्रिफिक्समध्ये जाईल आणि फाईलचं एकटं नाव शंभरच्या आत आहे. जे बसत नाही ते जीएनयू टार गिळून टाकत नाही. नाव फार लांब आहे, तोडता येत नाही, फाईल घेतली नाही, असं तो स्पष्ट सांगतो. बडबडीचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे पडद्यावर फक्त या तक्रारी राहतील.

पण आधी एक खोल पाथ असलेली एकच फाईल युस्टारमध्ये बांधून सर्व्हरवर उघडून बघा. त्या टारला प्रिफिक्स कळतो की नाही, ते दोन मिनिटांत समजेल. ३८ जीबी पाठवून समजायला नको.

आणखी एक तपासणी त्यातच होईल, ती माझ्या अंगावर आलेली आहे. हेडरमध्ये एक बेरीज असते, ५१२ बाइटांची. ती करताना बाइट चिन्हरहित (० ते २५५) धरायचे, हे मानक सांगतं. काही जुने टार ते अधिक-उणे चिन्हासहित (-१२८ ते १२७) धरायचे. रोमन अक्षरं १२८ च्या खाली असल्यामुळे दोन्ही बेरजा सारख्याच येतात आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. देवनागरीचा यूटीएफ-८ मधला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वर. प्रत्येक बाइटमागे २५६ चा फरक. वीस चिन्हांचं नाव म्हणजे ६० बाइट, म्हणजे बेरजेत १५,३६० ची तफावत. मी एकदा अशा मशीनवर मराठी नावांची टार फाईल नेली, तर पहिल्याच मराठी फाईलपाशी तो हेडरच्या बेरजेची चूक दाखवून थांबला. रोमन नावाच्या फायली मात्र सुरळीत. चार दिवस मी केबल आणि डिस्क तपासत बसलो होतो. आजचे जीएनयू टार आणि लिबआर्काइव्ह (मॅकच्या टारमागचं सॉफ्टवेअर) वाचताना दोन्ही बेरजा चालवून घेतात. तुमच्या सर्व्हरवर मराठी नावं निदान उतरली आहेत, त्यामुळे हा आजार तुम्हाला नाही. ज्यांना असेल त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.


मोकळी_खिडकी:

मॅकचं मी सांगते, रोज तेच हाताळते.

मॅकवरचा टार हा बीएसडी टार आहे, लिबआर्काइव्हवर बांधलेला. तो 'मर्यादित पॅक्स' पद्धतीने लिहितो. साधी फाईल असेल तर युस्टारसारखं हेडर, आणि जिथे युस्टार पुरत नाही तिथेच पॅक्सची जादा नोंद. ही जादा नोंद म्हणजे 'एक्स' प्रकारची छोटी फाईल. तिच्यात प्रत्येक ओळीला आधी ओळीची लांबी, मग गुणधर्म, मग बरोबर, मग किंमत. तुम्ही जो आकडा आणि 'पाथ' पाहिलात तो हाच. ही पद्धत २००१ च्या पॉझिक्समधली आहे. ती कळत नसेल तर सर्व्हर तिलाही साधी फाईल समजून उतरवतो, लाँगलिंकसारखंच. तुमच्या त्या फायली नीट बघितल्यात तर कळेल की मराठी नावाच्या प्रत्येक फाईलला पॅक्सहेडर आहे. नाव छोटं असलं तरी. लिबआर्काइव्ह रोमनबाहेरचं अक्षर दिसलं की पाथ यूटीएफ-८ मध्ये वेगळा लिहून ठेवतो. तशी ती काळजीच आहे, पण जुन्या टारला ती कळत नाही.

टिंब-अधोरेषावाल्या फायलींत मॅकची जादा माहिती असते: फाईंडरचे रंग, कुठून उतरवली त्याची खूण वगैरे. लिनक्सला तिचा उपयोग नाही. टार करण्याआधी 'कॉपीफाईल_डिसेबल' हे पर्यावरण चल १ करून ठेवा, किंवा नव्या मॅकवर 'नो-मॅक-मेटाडेटा' आणि 'नो-एक्सअॅट्रस' हे दोन पर्याय द्या. पहिल्याने त्या फायली जातील, दुसऱ्याने इशारेही जातील. आधीच उतरलेल्या पुसून टाकायला हरकत नाही. मात्र नुसतं टिंबाने सुरू होणारं सगळं पुसू नका, टिंब आणि अधोरेषा दोन्ही बघा.

४१२ चं मला सांगता येणार नाही.


बाइटमोजणी:

४१२ चं मी सांगतो. कोशवाली ताई, न सापडणाऱ्या सगळ्या नावांत 'ऱ' आहे का? दुसऱ्या, कोऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, असा?


कोशवाली:

अंगावर काटा आला. हो! सगळ्या ४१२ मध्ये!


बाइटमोजणी:

मग हा टारचा दोष नाही, एचएफएस प्लसचा आहे. दोष तरी कसा म्हणायचा, त्या फाईल सिस्टीमचा नियमच तो.

युनिकोडमध्ये 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो. एक सबंध अक्षर, ०९३१. किंवा साधा 'र' ०९३० आणि खाली नुक्ता ०९३c (शेवटचं अक्षर सोळाच्या पायातलं 'सी'). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, 'ऱ्या'मधला तो आडवा वळसासुद्धा. पण पहिला तीन बाइटांचा, दुसरा सहा बाइटांचा. तुम्ही कीबोर्डवरून सबंध अक्षर टाइप करता. एचएफएस प्लस प्रत्येक नाव फोडून साठवतं, आणि विचारल्यावर फोडलेलंच परत देतं. मॅकवर असताना ते दोन्ही रूपं एकच मानतं, म्हणून तिथे काही कळत नाही. जीएनयू टारने डिस्कने दिले तेच बाइट इमानेइतबारे बांधले. लिनक्स नावाकडे नुसते बाइट म्हणून बघतं. तुमच्या अनुक्रमणिकेत 'दुसऱ्या_भेटीतील_उच्चार' हे ६२ बाइटांचं आहे आणि डिस्कवर उतरलेलं ६५ बाइटांचं. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. तुमच्याकडे 'ऴ' असलेले शब्द असतील तर तिथेही हेच होईल.

लिनक्सवर 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं साधन आहे. दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ सांगायचं, आतल्या फोल्डरांतही जायला सांगायचं आणि 'एनएफसी' (युनिकोडने ठरवलेलं एक प्रमाण रूप) पर्याय द्यायचा. ते आधी फक्त काय बदलणार ते दाखवतं. 'नोटेस्ट' दिल्याशिवाय एकही नाव बदलत नाही. यादी डोळ्यांखालून घाला, ४१२ च आहेत ना बघा, मग 'नोटेस्ट' द्या.

एक सावधगिरी. तुमचा बोलीकोश आहे, तर 'ज़' 'फ़' असे नुक्त्याचे उच्चार लिहिले असतील. त्यांचीही सबंध अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, पण एनएफसी त्यांना जोडत नाही, उलट फोडतं. 'ऱ' जोडला जातो आणि 'ज़' फुटतो, दोन्ही एकाच नियमाखाली. म्हणून फक्त फायलींची नावं बदलून भागणार नाही. अनुक्रमणिकेचा मजकूरही एनएफसीमधून काढा, म्हणजे दोन्हीकडे एकच रूप राहील.

आणि हे काम लिनक्सवरच करा. दुरुस्त केलेली नावं परत त्या डिस्कवर नेलीत तर ती पुन्हा फोडली जातील. अंतिम टार लिनक्सवर बांधा.


जुना_टर्मिनल:

सुंदर. हे 'ऱ'चं मलाही माहीत नव्हतं, इतकी वर्षं टार हाताळून.

अर्धविराम, झिपबद्दल राहिलं होतं. मूळ झिपमध्ये ४ जीबीची भिंत आहे. ती ओलांडायला झिप६४ लागतं, आणि इन्फो-झिपच्या अनझिपमध्ये ते २००९ च्या ६.० आवृत्तीत आलं. नावं यूटीएफ-८ आहेत हे सांगणारी खूणही जुन्या साधनांना कळत नाही. संस्थेच्या सर्व्हरवर असलाच तर जुना अनझिप असणार. तिथे ३८ जीबीची झिप नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.


छोटी_आज्ञा:

एक पुरवणी, विषय निघालाच आहे म्हणून. कॉम्प्रेस करणार असाल तर टारच्या पर्यायांवर विसंबू नका. मोठा 'आय' हा पर्याय जीएनयू टारमध्ये 'या कार्यक्रमाने कॉम्प्रेस कर' असा आहे. बीएसडी टारमध्ये तोच पर्याय 'या यादीतल्या फायली घे' असा. मी लिनक्सवरची सवय फ्रीबीएसडीवर नेली आणि तो 'झेडएसटीडी' (हा खरं तर कॉम्प्रेसर) नावाची यादी शोधत बसला. तेव्हापासून टारचं आउटपुट पाइपने कॉम्प्रेसरला देते आणि उघडताना उलटं करते. हे जुन्यातल्या जुन्या मशीनवरही चालतं, कारण टारला कॉम्प्रेशन माहीत असायची गरजच राहत नाही. सर्व्हरसाठी जीझिपच्या पुढे जाऊ नका.


अर्धविराम:

झिपचं मागे घेतो. पण मग फायलींना सरळ रोमन नावं का देत नाही? सगळेच प्रश्न सुटतील.


कोशवाली:

अर्धविराम, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू. पण ज्या शब्दासाठी एवढी पायपीट केली तो शब्दच फाईलच्या नावातून पुसायचा, हे मला जमणार नाही. रोमनमध्ये 'नळ' आणि 'नल', 'पाणी' आणि 'पानी' यांतला भेद दाखवायला मला नवी लिपी शिकवत बसावं लागेल. आणि या कोशात तो भेद हाच मुद्दा आहे.

आता काय केलं ते सांगते. पहिल्यांदा एका फाईलची युस्टार चाचणी. सर्व्हरच्या टारला प्रिफिक्स कळतो, पाथ पूर्ण उतरला. मग मॅकवरच्या जीएनयू टारने सगळं जसंच्या तसं लिनक्सवर आणलं आणि कॉन्व्हएमव्ही चालवलं. यादीत ४१२ ऐवजी ४१९ नावं आली. जास्तीच्या सात फायली माझ्या अनुक्रमणिकेत चढवायच्याच राहून गेल्या होत्या, चार वर्षांपूर्वीच्या! त्या या निमित्ताने सापडल्या. 'ज़'ची नावं माझ्याकडे नाहीत, पण टिपणांत आहेत, म्हणून अनुक्रमणिकाही एनएफसीमधून काढली. स्क्रिप्ट आता तक्रार करत नाही.

लिनक्सवर युस्टार बांधताना ५५ फायलींना 'नाव फार लांब' आलं. ही नावं एकटीच शंभर बाइटच्या वर आहेत. सर्व्हरच्या प्रतीपुरती ती ५५ आखूड केली, शब्द तसाच ठेवला आणि 'दुसऱ्या भेटीतील उच्चार' वगैरेचं 'भेट २' केलं. जुनं नाव आणि नवं नाव यांची यादी त्याच टारमध्ये घातली. घरच्या प्रतीसाठी फॉरमॅट 'पॉझिक्स' दिला, तिथे पूर्ण नावं राहिली.

एकच राहिलंय. लिनक्सवर अजूनही ६,२११ आहेत. आधी मोजण्यातली चूक म्हणाले होते, पण तीनदा मोजलं. तीन फायली नाहीतच.


बाइटमोजणी:

टार उघडतानाचे संदेश जपून ठेवलेत का? 'उघडता येत नाही, फाईलचं नाव फार लांब' असं तीनदा असेल. ही टारची मर्यादा नाही. एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टीम) वर एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. एचएफएस प्लसही २५५ च देतं, पण तिथे ते सोळा बिटांचे एकक मोजतं, म्हणजे आपली २५५ चिन्हं. मॅकवर सुखाने राहणारं शंभर चिन्हांचं नाव लिनक्सच्या डिस्कवर मावतच नाही, फॉरमॅट कुठलाही द्या.


कोशवाली:

संदेश सापडले, हुबेहूब तसेच आहेत, तीन.

तिन्ही फायली एकाच आजीच्या आहेत. पहिल्या वर्षी मला फायलींना नावं कशी द्यावीत हे कळत नव्हतं, तेव्हा मी त्यांची अख्खी म्हण, ती कधी वापरतात तेही, सगळं नावातच लिहून ठेवलं होतं. एक नाव ९४ चिन्हांचं भरलं, एक ९७, एक १०८. आज मॅकवर तिन्हींची नावं म्हणीच्या पहिल्या तीन शब्दांवर आणली, आणि पूर्ण वाक्य शेजारच्या टिपणात उतरवलं.

मग सगळ्या फायलींची शा-२५६ यादी (फाईलच्या मजकुरावरून निघणारे ओळख-आकडे) मॅकवर केली आणि ती लिनक्सवर आणि सर्व्हरवर पडताळली. नावं बदलली असल्यामुळे नावांवर गेले नाही, फक्त आकड्यांचे दोन स्तंभ क्रमाने लावून शेजारी ठेवले. लिनक्सवर ६,२१४. सर्व्हरवर ६,२१४ आणि ती नावांची एक यादी. 'दुसऱ्या_भेटीतील_उच्चार_१' सर्व्हरवर लावून ऐकली, शेवटपर्यंत.

जुना_टर्मिनल, बाइटमोजणी, मोकळी_खिडकी, छोटी_आज्ञा, सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सुटला असं खूण करते आहे.